औकाराचा डावा तुकडा

"माझ्या आईचं नाव वाचून दाखवा," असं म्हणत भास्करन मास्तरांनी त्या दिवशीचा अंक मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर आपटला.

मॅनेजर नंबियार यांनी चष्मा लावला, अंकाकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. मग मास्तर माझ्याकडे वळले.

"तुम्ही वाचा."

"मला मल्याळम वाचता येत नाही," मी म्हटलं.

"मग तुम्ही इथे कशाला बसलात?"

"मी मल्याळमचं सॉफ्टवेअर बसवायला आलेय. पुण्याहून."

मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वाचता येत नाही आणि बसवायला आलात," ते म्हणाले. जन्मभर वर्गात मुलांना झापलेल्या माणसाचं इंग्रजी होतं ते. मला खाली बघावं लागलं.

ही वीसेक वर्षांपूर्वीची, कोझिकोडची गोष्ट. तिथल्या एका जुन्या दैनिकाने छपाईची जुनी पद्धत मोडीत काढून आमच्या कंपनीचं नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं, आणि ते सुरळीत होईपर्यंत मी तिथे राहावं असं ठरलं होतं. तिकडच्या वर्तमानपत्रांत निधनवार्तांचं अख्खं पान असतं, फोटोंनी भरलेलं. लोक सकाळी आधी तेच पान उघडतात. कोण गेलं, कुणाची कोण, अंत्यविधी किती वाजता, हे सगळं गाव त्या पानावरून ठरवतं. त्या पानावर मास्तरांच्या आईचा फोटो होता. कपाळाला गंध लावलेली, हसरी म्हातारी. नाव सौदामिनी. आणि नावाच्या आधी, जिथे काहीच असायला नको होतं तिथे, ठिपक्याठिपक्यांचं एक रिकामं रिंगण उमटलं होतं आणि त्याला आकड्यासारखं एक वळण चिकटलेलं होतं.

"माझी आई या गावातल्या निम्म्या लोकांची पहिली शिक्षिका," मास्तर म्हणाले. "आज सकाळी स्मशानात लोक मला विचारत होते, नावाआधी हे काय छापलंय? हे कसलं शून्य?"

"उद्या आम्ही दुरुस्ती छापू," नंबियार म्हणाले. "पहिल्या पानावर."

"आणि चूक कुणाची तेही छापा. नुसतं दिलगीर आहोत म्हणून हात झटकू नका."

"छापू."

मास्तर गेले. नंबियारांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या रिंगणाचा अर्थ एका नजरेत कळला होता आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मराठी माणसाला हे समजायला अवघड नाही. आपण 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो आणि क नंतर. संगणकाला मात्र क आधी द्यावा लागतो, वेलांटी नंतर. मग तो आपणहून ती डावीकडे नेऊन ठेवतो. मल्याळममध्ये औकाराचे दोन तुकडे असतात, एक अक्षराच्या डावीकडे, एक उजवीकडे, आणि अक्षर मध्ये. बरेच जण आता डावा तुकडा गाळतात, नुसत्या उजव्यावर भागवतात. या दैनिकाने मात्र दोन्ही तुकडे जपले होते. संगणकाच्या प्रमाण यादीत जुन्या-नव्या दोन्ही औकारांसाठी जागा होती. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. आम्ही कीबोर्डवर फक्त उजवा तुकडा दिला होता.

आम्ही म्हणजे दिवेकरांनी. दिवेकर आमचे साहेब. पुण्यात मी त्यांना म्हटलं होतं, "सर, गिऱ्हाईकाच्या जुन्या अंकांत दोन तुकड्यांचा औकार दिसतोय. तोही द्यायला हवा."

"निफाडकर, तो डावा तुकडा मेलाय आता. कोणी वापरत नाही."

"हे वापरतात ना."

"तुला मल्याळम वाचता येतं?"

"नाही."

"मग?"

जसं काही त्यांना येत होतं! आमच्या अख्ख्या ऑफिसात कुणालाही येत नव्हतं. आम्ही मल्याळम वाचत नव्हतो, जुळवत होतो. छापील अंक डाव्या हाताला, पडदा उजव्या हाताला, आणि या वळणासारखं ते वळण दिसतंय का ते बघायचं. दिसलं की पुढचं. तमिळ असंच केलं, उडिया असंच केलं. आणि या पद्धतीचा दिवेकरांना केवढा अभिमान! अर्थ कळला की माणूस अर्थाकडे बघतो, आकाराकडे बघत नाही, असं ते नव्या मुलांना सांगायचे.

तर डावा तुकडा नव्हता, आणि निधनवार्तांच्या पानाला तो हवा होता. ते पान आणि पहिलं पान, दोन्ही लावणाऱ्या ऑपरेटर होत्या दाक्षायणीचेची; चेची म्हणजे ताई. त्यांनी मग स्वतःची वाट काढली. दुसऱ्या एका स्वराच्या चिन्हाचा आकार हुबेहूब त्या डाव्या तुकड्यासारखा असतो. त्यांनी ते चिन्ह आधी टाइप केलं, मग अक्षर, मग उजवा तुकडा. हाताने लिहिताना लिहितात तसं. जुन्या यंत्रावर सगळा जन्म त्यांनी तसंच केलं होतं. पडद्यावर नाव झकास दिसलं. छपाईची प्लेट काढणाऱ्या यंत्राला मात्र धरायला अक्षर नसलेलं एक चिन्ह सापडलं, आणि अशा वेळी ते जे करतं तेच त्याने केलं. आधाराला ठिपक्यांचं रिंगण काढून दिलं. चेचींना ते दिसायचा प्रश्नच नव्हता. प्लेट खालच्या मजल्यावर निघत होती.

मी कंपोझिंगच्या खोलीतून पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं.

"ऑपरेटरची चूक आहे," दिवेकर म्हणाले.

"कशी काय? बटणच दिलेलं नाही आपण."

"आपण दिलेल्या पद्धतीने टाइप केलं नाही. म्हणजे ऑपरेटरची चूक. तसं सांग त्यांना. आणि हेही सांग, की डावा तुकडा सोडून द्या. कायमचा. सगळा प्रश्न मिटेल."

"म्हणजे चूक आपली आणि लिहायची पद्धत त्यांनी बदलायची?"

"निफाडकर, त्यांच्या बाकीच्या आवृत्त्यांची ऑर्डर अजून यायची आहे. डोकं चालव."

"मी ऑपरेटरची चूक असं म्हणणार नाही. आपण खाल्लेलं शेण तिच्या तोंडाला पुसणार नाही. तुम्हाला काय करायचं ते करा!"

फोन आपटला. वळले तर मागे दाक्षायणीचेची उभ्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, केसांना तेल चोपडून घट्ट अंबाडा घातलेल्या. त्यांचे यजमान लष्करात होते, त्यामुळे काही वर्षं त्या देवळालीला राहिल्या होत्या. तिथल्या बाजारात शिकलेलं मराठी त्यांनी जपून ठेवलं होतं आणि मी आल्यापासून ते हौसेने बाहेर काढलं होतं.

"साहेबाला असं नाही बोलायचं, मोळे," त्या म्हणाल्या. मोळे म्हणजे मुली. "नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे, चेची. तुमची जायला नको."

"माझी कशी जाणार? मी काय केली?"

त्यांना खरंच वाटत होतं, की त्यांचं काही बिघडणार नाही. मी नंबियारांच्या केबिनमध्ये गेले आणि स्पष्ट सांगितलं. चूक आमची आहे. आम्ही एक चिन्ह द्यायला विसरलो नाही, द्यायचं टाळलं. ऑपरेटरला ते दिसणं शक्य नव्हतं. मी आज दुपारपर्यंत ते बसवून देते.

नंबियार शांतपणे ऐकत होते. मोठे सुसंस्कृत गृहस्थ. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. "तुमचा प्रामाणिकपणा मला आवडला," असंही म्हणाले. मी खुशीत बाहेर आले. काय गाढव होते मी!

दुपारभर चेचींच्या शेजारी खुर्ची ओढून मी काम केलं. अवघड काहीच नव्हतं. हेच मला जास्त झोंबत होतं. एक बटण मोकळं करायचं, त्यावर दोन तुकड्यांचं पूर्ण चिन्ह बसवायचं, अक्षराच्या दोन्ही बाजूंना ते नीट जाऊन बसतंय का ते बघायचं. एवढ्या कामासाठी पुण्यात आम्हाला वेळ नव्हता, आणि एका बाईचं नाव तिच्या मरणाच्या दिवशी सगळ्या गावासमोर विद्रूप झालं.

"चेची, आता काहीतरी टाइप करून बघा. औकार येईल असं."

चेचींच्या समोर हाताने लिहिलेला एक कागद होता, नुकताच केबिनमधून आलेला. "हेच घेते," त्या म्हणाल्या. "तिरुत्त आहे. उद्याच्या पेपरची. ते नाव आहे त्याच्यात."

तिरुत्त म्हणजे दुरुस्ती. वा, म्हटलं, याहून चांगली परीक्षा कोणती! चेची टाइप करू लागल्या. अक्षरावर एक बोट, नव्या बटणावर एक बोट, आणि अक्षराच्या दोन्ही अंगांना दोन तुकडे येऊन बसले. मी खाली धावत जाऊन प्लेटवर पाहिलं. रिंगण नाही. पुन्हा वर आले. मजकुरात ते नाव दोनदा होतं, दोन्ही ठिकाणी निर्दोष. मी टाळीच वाजवली. कागदावरचं नाव आणि पडद्यावरचं नाव बोटाने जुळवून पाहिलं, वळणाला वळण.

"बघा! किती सुंदर दिसतंय!"

"हो," चेची म्हणाल्या. "छान आलं."

त्यांचा आवाज काही बरा नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या शेवटची ओळ टाइप करत होत्या, नेहमीसारखी, एकेक अक्षर तपासून. ओठ घट्ट मिटलेले.

"काय झालं, चेची? काय लिहिलंय त्यात?"

त्यांनी आधी ओळ पुरी केली, पूर्णविराम दिला आणि मग पडद्यावर बोट ठेवत तोडक्या मराठीत अर्थ सांगितला. काल आमच्या अंकात श्रीमती सौदामिनी टीचर यांच्या नावात चूक झाली. ही चूक आमची ऑपरेटर के. दाक्षायणी हिच्या निष्काळजीपणाने झाली. तिला कामावरून काढलं आहे. सौदामिनी टीचर यांच्या कुटुंबाची आम्ही माफी मागतो.

"हे... हे तुम्हाला टाइप करायला दिलं?"

"माझंच पान आहे ना. दुसरं कोण करणार?"

ती बाई गेला अर्धा तास स्वतःची हकालपट्टी टाइप करत होती, आणि मी शेजारी बसून टाळ्या पिटत होते! मला अक्षरं दिसत होती, गोल, सुबक, एकाखाली एक. त्यांतलं एकही मला काही सांगत नव्हतं. दिवेकरांची ती लाडकी पद्धत मला त्या क्षणी ओकारी यावी इतकी घाण वाटली.

मी तो कागद उचलला आणि दार न वाजवता केबिनमध्ये घुसले.

"हे काय आहे, सर?"

"बसा, मिस निफाडकर."

"मी बसणार नाही. सकाळी मी तुम्हाला काय सांगितलं होतं? चूक कुणाची आहे?"

"तुमची. मला मान्य आहे."

"मग हे?"

नंबियारांनी पेनचं टोपण काढलं, लावलं. "मास्तरांना नाव हवंय. पुण्यातल्या कंपनीचं नाव वाचून त्यांचं समाधान होणार नाही. वाचकांना माणूस लागतो. आणि आमच्या मालकांनी हे सॉफ्टवेअर मोठ्या हौसेने आणलंय. त्यात दोष आहे असं मी पहिल्या पानावर कसं छापू?"

"म्हणून एका बाईला घरी बसवणार?"

"तिला दुसरीकडे काम मिळेल."

"कुठे? पहिल्या पानावर निष्काळजी म्हणून नाव छापल्यावर कोण देईल तिला काम? तुम्ही द्याल का अशा बाईला? खरं सांगा."

त्यांनी पेनचं टोपण पुन्हा काढलं.

"तुम्ही हे बदललं नाहीत, तर मी आत्ता मास्तरांच्या घरी जाते," मी म्हटलं. "त्यांना सगळं सांगते. बटण कुणी दिलं नाही, प्लेट कुठे निघते, सगळं. मग ते तुमच्या टेबलावर अंक नाही आपटणार, टेबलच उलटं करतील!"

नंबियारांनी माझ्यापुढे हात केला. मग कागद ओढला, ते वाक्य खोडलं आणि वर दुसरं लिहिलं. लिहिलेलं मला इंग्रजीत सांगितलं: नव्या संगणक प्रणालीतील दोषामुळे ही चूक झाली, कोणत्याही कर्मचाऱ्याचा यात दोष नाही. मी तो कागद चेचींकडे नेला आणि त्यांच्याकडून पुन्हा वाचून घेतला. नंबियारांवर माझा आता काडीचा विश्वास नव्हता. चेचींनी वाचलं, मान हलवली आणि पदराने डोळे टिपले.

"बरोबर आहे, मोळे. हेच लिहिलं आहे."

त्यांनी माझ्यादेखत नवा मजकूर बसवला. माझी सकाळची गाडी होती. सामान बांधायचं राहिलं होतं, म्हणून मी दिवस मावळायच्या आत लॉजवर गेले. छाती पुढे काढून गेले, खोटं कशाला बोलू! पुण्यात जाऊन दिवेकरांना काय काय सुनवायचं याची उजळणी करत गेले.

सकाळी स्टेशनवर अंक घेतला. पहिल्या पानावर, खाली, चौकटीत दुरुस्ती होती. सौदामिनी हे नाव मला आता आकारावरून ओळखता येत होतं. दोनदा होतं. दोन्ही ठिकाणी निर्मळ, दोन्ही तुकडे जागच्या जागी. बाकावर शेजारी एक कॉलेजातली मुलगी आपल्या वडिलांबरोबर बसली होती. मी तिला चौकट दाखवली.

"जरा वाचून दाखवतेस? इंग्रजीत सांगितलंस तरी चालेल."

तिने वाचलं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. दुसऱ्या वाक्यात के. दाक्षायणी होती. निष्काळजीपणा होता. कामावरून काढलं होतं. मी तिला पुन्हा वाचायला लावलं. तिने पुन्हा तेच वाचलं आणि घाबरून वडिलांकडे पाहिलं.

गाडी आली आणि गेली. मी रिक्षा करून ऑफिसवर गेले. नंबियार या वेळी मला दारातच भेटले, चहाबिहा काही नाही. त्यांच्या हातात पुण्याहून आलेला फॅक्स होता. खाली दिवेकरांची लफ्फेदार सही. आमच्या तज्ज्ञांनी तपासणी केली असून ही चूक निव्वळ ऑपरेटरची आहे, सॉफ्टवेअर निर्दोष आहे.

"तज्ज्ञ म्हणजे तुम्हीच ना?" नंबियार म्हणाले.

मी तिथूनच दिवेकरांना फोन लावला. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी राजीनामा सांगितला. ते म्हणाले, "शांत हो, पुण्यात ये, बोलू." मी पुण्यात गेले ती ऑफिसातलं सामान उचलायला. त्या दैनिकाच्या सगळ्या आवृत्त्यांची ऑर्डर त्यांना मिळाली, असं पुढे ऐकलं. मी बसवलेलं बटण त्यांनी माहितीपत्रकात खास सोय म्हणून छापलं, हेही ऐकलं. आजही ते आठवलं की मला चार शिव्या हासडल्याशिवाय राहवत नाही.

पण ते नंतरचं. फोन ठेवून मी खाली आले, तर फाटकापाशी चेची उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी. त्यात टेबलाच्या खणातून काढलेल्या वस्तू असाव्यात. चष्म्याचं घर आणि फणी वर दिसत होती.

"तू गेली नाही?" त्यांनी विचारलं.

"चेची, आपण बसवलेला मजकूर कुणी बदलला?"

"पुण्याचा फोन आला. मग कागद आला. सर बाहेर येऊन बोलला, पहिलावाला लाव."

"आणि कुणी लावला?"

"मी."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. "तुम्ही? तुम्ही स्वतः?"

"पान माझं आहे, मोळे."

"अहो, पण नाही म्हणायचंत! उठून जायचंत! तुम्ही उठला असतात तर काय केलं असतं त्यांनी? दुसरं कुणी नव्हतं ना? मग पानच गेलं नसतं. त्यांना झक मारत तुमचं ऐकावं लागलं असतं!"

मी रस्त्यात उभी राहून ओरडत होते. फाटकावरचा माणूस बघत होता. चेचींनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं.

"तसं होत नाही," त्या म्हणाल्या. "पहिलं पान आणि मरणाचं पान एकाच प्लेटला जातात. एक थांबलं तर दोन्ही थांबतात. काल किती लोक होते मेलेले, माहीत आहे? पान भरून. एक तर लहान पोर होतं. त्यांच्या घरचे सकाळी पेपर बघतात. आज अकरा वाजता कोणाला जाळायचं आहे, कोणाला चर्चमध्ये न्यायचं आहे. लोकांना कळलं नाही, तर खांदा द्यायला कोण येणार? माझ्या भांडणासाठी मी त्यांना थांबवू?"

मला त्यांचा भयंकर राग आला होता, नंबियारांपेक्षा जास्त, दिवेकरांपेक्षा जास्त. त्या दोघांनी जे केलं ते केलंच, पण या बाईने त्यांना ते करू दिलं, आणि तेही अशा कारणासाठी, की माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

"आता काय करणार तुम्ही?" मी विचारलं.

"आता घरी. जेवण करायचं आहे." त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तू पण काही खा. सकाळपासून नुसती ओरडते."

तेवढ्यात त्यांची बस आली आणि त्या गेल्या.